भिवाचा पंजा आणि करकोच्यांचं संशोधन

एका जंगलात, मुलांनो, मातीचा एक बांध होता. तो कोणाच्याच मालकीचा नव्हता, म्हणून सगळे हक्काने तिथलं पाणी प्यायचे. वाघसुद्धा प्यायचा. आभार मात्र कोणी मानत नसे. मालकच नाही, तर मानायचे कोणाचे?

बांध राखायचा भिवा. भिवा म्हणजे एक पाणमांजर. पोटापुरते मासे धरून झाले की तो चिखल कालवायचा आणि भेगा बुजवायचा. का? आवडायचं म्हणून. असतात काही जण असे, त्याला इलाज नाही.

बांधाची एक रीत होती. डागडुजी केली की ओल्या चिखलात आपला पंजा उमटवायचा. तिथेच पुन्हा पाणी झिरपलं, तर हाक कोणाला मारायची ते कळावं. जिथे पाहाल तिथे भिवाचाच पंजा होता.

पलीकडच्या टेकडीवर करकोच्यांचं विद्यापीठ होतं. तिथल्या शुभ्रकांत नावाच्या करकोच्याने हे पंजे पाहिले आणि माग काढत तो थेट भिवाच्या बिळाशी आला.

"नमस्कार. आम्ही परोपकारावर संशोधन करतो. आपला थोडासाच वेळ हवा. एक मासा गिळायला लागतो ना, तेवढाच."

भिवा हरखला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणी विचारपूस करायला आलं होतं.

"फुकट काम करताना आपल्याला आनंद होतो, फार आनंद होतो, की अतिशय आनंद होतो?"

"म्हणजे... बरं वाटतं."

"बरं वाटतं हा पर्याय नाही."

बोलता बोलता ऊन कलतीला लागलं. जाताना शुभ्रकांत म्हणाला, "उत्तरं देणाऱ्यांची सोडत काढणार आहोत. एका भाग्यवंताला शिंपला मिळेल."

दुसऱ्या दिवशी दुसरा करकोचा आला. प्रश्न तेच.

"अहो, कालच्यांना सगळं सांगितलंय. त्यांना विचारा की."

"छे, छे! त्यांचं संशोधन परोपकारावर. आमचं निःस्वार्थ वृत्तीवर."

मग रोजच रांग लागू लागली. भिवाला बांधाकडे फिरकायला सवड होईना. बांधाच्या टोकाला एक भेग पडली. तिच्याखालच्या लव्हाळ्यात गोदाक्का पाणकोंबडीचं घरटं होतं.

"भिवा, अरे घरटं ओलं व्हायला लागलंय. अंडी आहेत माझी."

"आलोच अक्का!"

"एक शेवटचा प्रश्न," समोरचा करकोचा म्हणाला. "आपल्या कामातला सर्वांत मोठा अडथळा कोणता?"

"तुम्ही!"

"हरकत नाही. 'इतर'मध्ये टाकतो."

आता मात्र भिवाचं डोकं सटकलं. "ज्याला प्रश्न विचारायचाय, त्याने आधी चोचभर चिखल आणायचा!"

करकोचे दचकले. "आम्ही चिखलाला चोच लावली, तर निष्कर्ष नासतील. आणि आमच्या नीतिसमितीची परवानगी आहे."

"आणि माझी?"

"आपली लागत नाही. पंजा उघड्यावर होता."

भिवा तडक उठला. त्याने गोदाक्काची भेग घाईघाईने बुजवली, पण पंजा काही उमटवला नाही. एवढ्यावर तो थांबला नाही. बांधावरचे जुने पंजेही त्याने सारवून टाकले, आणि वरच्या डोहापाशी नवं बीळ केलं. करकोचे येईनासे झाले. भिवा कितीतरी दिवसांनी पोटभर झोपला. त्याचं चुकलं असं मला तरी म्हणवत नाही.

पण घाईत बुजवलेली भेग पुन्हा झिरपू लागली. गोदाक्का बांधभर धावली. एकही पंजा दिसेना. जुन्या बिळात कोणी नव्हतं. तिने वाघाला विचारलं.

"मालकाला सांगा," वाघ म्हणाला आणि पाणी पिऊन निघून गेला.

बांध फुटल्याचा आवाज मात्र भिवाला वरच्या डोहापर्यंत ऐकू आला. तो धापा टाकत आला, तेव्हा लव्हाळाही उरला नव्हता.

"अक्का, हाक का नाही मारलीस?"

"कुठे मारू रे? तू ठेवलंस काय मागे?"

भिवाला रडू फुटलं.

तिकडे विद्यापीठात शुभ्रकांतने निबंध वाचून दाखवला. 'कारागिरांनी संशोधकांना टाळल्यामुळे बांध फुटतात.' वाघाने त्याला शाल दिली.

भिवाने पुन्हा माती ओढायला घेतली. गोदाक्काही चोचीतून चिखल आणू लागली. पहिला थर बसला. भिवाने पंजा उचलला आणि तसाच धरून ठेवला. काठावर सगळ्या करकोच्यांच्या माना लांबल्या होत्या. गोदाक्काही बघत होती.

त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि पंजा खोलवर दाबला.

चिखल वाळायच्या आत करकोच्यांची रांग लागली.

तात्पर्य : मुलांनो, बांध घालणाऱ्याला उभ्या जन्मात कोणी शाल देत नाही, बांध फुटल्यावर मात्र ती कोणाला द्यायची, हा प्रश्न पडत नाही. तेव्हा मोठेपणी चिखलात हात घालू नका. ज्याचे हात चिखलात आहेत, त्याच्याकडे थोडासाच वेळ मागा.