उस्मान मिस्त्रीचा डबा

आमच्या बाभुळगावात उस्मान मिस्त्रीकडे काही पाठवायचं तर मी दहादा विचार करतो. हा गृहस्थ भांडं रिकामं परत करत नाही. एकदा माझ्या बायकोनं वाटीभर लोणचं दिलं. त्या दिवशी त्याच्या घरात द्यायला काही नव्हतं, तर वाटीत चार नट-बोल्ट घालून आणले. वर म्हणतो, "रिकामं भांडं देनं म्हंजे 'आता येऊ नका' सांगनं हाय, वैनी. ठेवा, कामी येतेत."

मिस्त्री कापसाची सरकी काढणाऱ्या जिनिंगमधला कारागीर. वडील मुसलमान, तेही जिनातलेच. आई बौद्ध, जवळच्याच खेड्यातली. घरात एकाच भिंतीवर काबा आणि बुद्ध शेजारी-शेजारी. यांचं जमतं कसं, असं मी एकदा खवचटपणे विचारलं.

"या दोघाईचं भांडन मी कधी पाह्यलं नाई, मास्तर. माय-बापाचं मात्र रोज व्हायचं!"

ईदला शीरखुर्मा, बुद्धपौर्णिमेला खीर. दोन्हींत साखर इतकी की दाढ ठणकावी. गल्ली पोटभर खाते आणि मग नावं ठेवते. मीही त्यातलाच.

एवढ्या हसऱ्या माणसाचं दुखणं एकच होतं. आईनं मनानं लग्न केलं तेव्हाच तिच्या भावानं बोलणं टाकलं. आई गेल्यावरही मिस्त्री दर बुद्धपौर्णिमेला मामाकडे खीर नेई. सणाचं अन्न नाकारू नये म्हणून मामा ती काढून घेत आणि डबा घासून, रिकामा, हातात देत. एक शब्द नाही. मिस्त्रीला ते फार लागे.

बोंडअळीनं सगळा कापूस खाल्ला त्या वर्षी मीही सोबत गेलो. मामांच्या अंगणात कापसाच्या नुसत्या वाळक्या पऱ्हाट्या रचलेल्या. म्हातारा डबा घेऊन आत गेला तो येईचना. आतून डबे उघडल्याचे, झाकल्याचे आवाज येत राहिले. मिस्त्रीचा चेहरा पडला.

अखेर मामा हात हलवत बाहेर आले. पहिल्यांदाच बोलले.

"घरात दाना नाई रे, बापू. बहिनीच्या पोराले रिकामा डबा कसा देऊ? राहू दे इथंच. तूर निंघाली का घ्यायले ये."

परतताना मिस्त्री माझ्या गाडीवर मागे बसून ढसाढसा रडत होता आणि मधेच 'मास्तर, खड्डा हाय' म्हणून सांगत होता.

तो त्याचा जेवणाचा एकुलता एक डबा. बायकोनं नवा आणला, पण त्यानं हात लावला नाही. तूर निघेपर्यंत भाकरी फडक्यात बांधून नेली. कोणी विचारो न विचारो, जिनात प्रत्येकाला थांबवून सांगायचा, "माहा डबा मामाच्या घरी हाय!"