उंदरांची काळजी

उंदीर बरे झाले, ही बाब प्रयोगशाळेने अतिशय गांभीर्याने घेतली.

शरीराची प्रतिकारशक्ती कधी कधी बिथरलेल्या पहारेकऱ्यासारखी घरच्यांवरच, म्हणजे सांध्यांवर, काठी उगारते. तिला शांत करणारं औषध संशोधिकाबाईंनी शोधलं होतं. उंदरांच्या पंजांची सूज उतरली आणि बाईंचा जीव भांड्यात पडला. घरी आईची बोटं अशीच आखडली होती. बिचारीला वेणीसुद्धा घालता येत नव्हती. आता मंजुरी तेवढी उरली होती.

ताणाने प्रतिकारशक्ती पुन्हा बिघडते, हे संचालकांनी कुठेसं वाचलं आणि तातडीने ‘उंदीर ताणनिवारण समिती’ नेमली. समिती रोज सकाळी पिंजऱ्यांवरची फडकी काढी, एकेका उंदराला शेपटीला धरून उचली, डोळ्यांत टॉर्च मारी आणि तो निश्चिंत आहे ना, याची खातरजमा करी. पंजे पुन्हा सुजले. ताण आढळल्याने पाहणी दिवसातून तीनदा करण्याचं ठरलं. सूज वाढली, तेव्हा समितीवर देखरेखीसाठी उपसमिती आली. तिने स्वतःचे टॉर्च आणले.

कपाटामागे नजरेआड राहिलेल्या पिंजऱ्यातले उंदीर मात्र ठणठणीत होते. बाईंनी हे संचालकांच्या कानावर घातलं.

“म्हणजे आम्ही काळजी घेतली म्हणून आजार वाढला, असं म्हणायचंय तुम्हाला?”

“मी कुठे म्हणतेय, साहेब? उंदीर म्हणतायत.”

संचालकांनी कोणालाच दुखावलं नाही. समिती कायम राहिली आणि औषधही पुढे सरकलं. यथावकाश माणसांवरच्या चाचण्या उरकून ते बाजारात आलं, तेव्हा बाटलीवर सूचना होती: ‘उपचारकाळात रुग्णाची कोणीही काळजी करू नये.’

आईने चष्मा लावून ती वाचली. “अगं, मग हे घ्यायचं कुठे जाऊन? आहे का तुझ्या माहितीत असं घर?”

तरी गुण आला. आईने स्वतःची वेणी घातली आणि बातमी फुटली. मावशीने येऊन एकेक बोट दाबत “इथे दुखतं?” विचारलं. शेजारणीने पापणी ओढून डोळा पाहिला. आत्याने, आपल्या नणंदेलाही आधी असंच बरं वाटलं होतं, इथपासून सुरुवात केली. काका तर यातलं कळणारे दोन मित्रच घेऊन आले. बोटं पुन्हा आखडू लागली.

शेवटी बाईंनी पुढच्या दाराला बाहेरून कुलूप घातलं, मागच्या दाराने आत आल्या आणि आईला हूं की चूं करू नकोस म्हणाल्या. घर शांत झालं. आईने हळूच मूठ उघडून पाहिली.

तेवढ्यात मागच्या दाराची कडी वाजली. तुम्हीच होतात. सगळं वाचलंत, पटलंही; पण बिचारीची बोटं एकदा आपल्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तुम्हाला काही राहवलं नाही.