नावं ठेवणारी आत्याबाई

भालेरावांसमोर 'ठीक आहे' म्हणायची सोय नाही. कॅन्टीनवाल्याने नुसतं विचारलं, "चहा ठीक आहे ना, साहेब?" तरी हे कप खाली ठेवून विचारणार, "ठीक म्हंजे किती?" माझं लग्न ठरलं तेव्हा पेढे घेऊन गेलो. "मुलगी कशी हाय?" "ठीक आहे, साहेब." त्यांनी उचललेला पेढा परत बॉक्समध्ये ठेवला. "आधी तिच्याशी नीट बोलून ये, मग खातो." मी मुकाट्याने पुन्हा जाऊन आलो.

चाकणच्या आमच्या कारखान्यात ब्रेकचे सुटे भाग होतात. भालेराव तिथे क्वालिटीचे मुख्य होते आणि मी त्यांच्या हाताखाली. ते देहूरोडहून कंपनीच्या बसने यायचे, तेही ड्रायव्हरला टायरमधली हवा विचारून.

गेल्या वर्षी मॅनेजमेंटने रिपोर्टचं काम तीन एआय एजंटांकडे दिलं. पहिल्याने मापं वाचायची, दुसऱ्याने रिपोर्ट लिहायचा, तिसऱ्याने तो तपासायचा. एजंट म्हटल्यावर भालेरावांना आमच्या भागातले प्लॉट विकणारेच आठवले. पहिल्याच दिवशी त्यांनी तिघांचं आपसातलं बोलणं छापून मागवलं. पहिला म्हणत होता, मापं ठीक आहेत. दुसरा म्हणाला, तुमचं काम उत्कृष्ट. तिसरा म्हणाला, दोघांचंही उत्कृष्ट, मंजूर.

"एक एजंट दुसऱ्याला चांगला म्हणतोय म्हंजे कमिशन ठरल्यालं हाय, राव," भालेराव म्हणाले. "मापं कुणी बघितली का? समदे एकमेकांची तोंडं बघतायत."

मग त्यांनी त्या तिघांना आमच्या शॉपवरची चार्ज द्यायची रीत लावली. शिफ्ट सुटताना जाणाऱ्याने येणाऱ्याला काय झालं ते सांगायचं नसतं, काय राहिलं ते सांगायचं असतं. तसं प्रत्येक एजंटाने आपण काय बघितलेलं नाही ते आधी लिहायचं. तिसऱ्याला पहिल्या दोघांचं मत दाखवायचंच नाही, नुसती मापं द्यायची. 'ठीक' आणि 'उत्कृष्ट' हे शब्द बंद. मी टाइप करायचो आणि भालेराव पाठीमागे उभे राहून माझ्याही शुद्धलेखनाच्या चुका काढायचे. तिसऱ्याचं नाव त्यांनी आत्याबाई ठेवलं. लग्नघरात जिला काहीच पटत नाही, ती.

आत्याबाई कामाला लागली आणि माल अडकायला लागला. रोज दोन-तीन लॉट परत. प्लांट हेड शिंदे वैतागले. "सोमवारपासून तिसरा एजंट बंद. दोघं बास झाले."

भालेराव महिनाअखेरीला रिटायर होणार होते. त्यांनी सोडून द्यायला हवं होतं. पण ते शिंदेंच्या केबिनमध्ये गेले आणि चक्क हात जोडले. "साहेब, तिला बंद करू नका. मी जाईपर्यंत तरी न्हाई." या माणसाला विनवण्या करताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

शनिवारी आत्याबाईने आणखी एक लॉट अडवला. 'मापं कोणत्या गेजने घेतली ते लिहिलेलं नाही.' शिंदे तणतणत असतानाच मी जाऊन मापं घ्यायचा तो गेज तपासला, तर तो झिजलेला. त्याने घेतलेली सगळी मापं खोटी होती, आणि माल ब्रेकचा. शिंदेंनी गपचूप आत्याबाईला कायम केलं. आमच्याकडे पोरं दहा-दहा वर्षं कंत्राटावर आहेत, ही तीन महिन्यांत परमनंट झाली.

आत्याबाईने तपासलेल्या कामाच्या जुन्या नोंदी साफ करायचं काम माझ्याकडे आलं. त्यात ब्रेकच्या लॉटांमध्ये मेथीच्या भाजीची कृती सापडली. भालेरावांनी ती आत्याबाईला तपासायला दिली होती. 'मीठ किती ते लिहिलेलं नाही. नामंजूर.' पुढे एका शर्टाचा फोटो. 'कॉलरची इस्त्री राहिली आहे. नामंजूर.' जेवणाच्या सुट्टीत रोज एक नोंद होती.

"साहेब, हे काढू का?"

भालेराव ओशाळले. त्यांची पत्नी वारून दोन वर्षं झाली होती, मुलगी लांब बेंगळुरूला. "काढ," ते म्हणाले. मग जरा थांबून, "पोरगी फोनवर म्हणती, पप्पा, मस्त झालं असंल जेवण. न बघता. बायको होती तवा रोज नावं ठेवायची. आता घरात कुणी ठेवत न्हाई, भावा. आन् रिटायर झालो की लॉगिन बंद."

 मी कॉम्प्युटरकडे वळून एकेक नोंद काढायला लागलो.

ते रिटायर झाल्यावरच्या पहिल्या रविवारी मी न सांगता देहूरोडला जेवायला गेलो. त्यांनी पिठलं-भाकरी वाढली आणि समोर उभे राहिले. एरवी मी निमूट खाल्लं असतं.

"साहेब, पिठल्यात गुठळ्या आहेत."

ते ताट उचलून आत गेले. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत होता. पुन्हा पिठलं आणलं.

"आता?"

"आता मीठ कमी पडलंय. आणि भाकरी एका बाजूला कच्ची आहे."

त्यांचे डोळे भरून आले. ते पुन्हा आत गेले. त्या दिवशी आम्ही साडेतीनला जेवलो.