मुक्तिपत्रावर साहेबांची सही

ऑफिसच्या वार्षिक नाटकात मी कार्यमुक्त होणार, हे मी लेकीला फोनवर सांगूनही टाकलं होतं! घराकडे बदलीचा हुकूम निघून अकरा महिने झाले होते, पण कार्यमुक्तीच्या आदेशावर साहेब सहीच करत नव्हते. तिकडे लेक दाराच्या चौकटीवर आपल्या उंचीच्या रेघा मारत होती. तीन रेघा मी नुसत्या फोटोत पाहिल्या होत्या.

नाटक जुनं, पिढ्यान्‌पिढ्या होत आलेलं. एका मालकाचे दोन नोकर, दोघांनाही सुटका हवी. पहिला वाऱ्यासारखा कामं उरकतो आणि दर अंकात हात जोडून विचारतो, आता जाऊ का? दुसरा घागरी फोडतो आणि मालकाच्या नावानं बोटं मोडतो. शेवटी मालक दोघांनाही मुक्तिपत्रं सही करून देतो. मालक अर्थातच साहेब. पहिला नोकर मी. दुसरा आमच्याच विभागातला एक सहकारी, त्याला सगळे तोफ म्हणत. त्याच्या तोंडाला साहेबही बिचकत. बदली त्याचीही अडलेली.

साहेब तालमीत कागद न वाचता सही ठोकतात, हे मी हेरलं होतं. प्रयोगाच्या दिवशी खोटी मुक्तिपत्रं काढून आमचे खरे आदेश ठेवले.

"पकडले गेलो तर?" तोफ कुजबुजला.

"अरे, टाळ्यांत कोण वाचतंय?"

पडदा उघडला. मी असा राबलो, असा राबलो, की पहिल्या रांगेत साहेबांच्या बाईसाहेब डोळे पुसू लागल्या! तोफेनं तर तालमीत नसलेली घागरही फोडली, तीही साहेबांच्या पायांवर. शेवटच्या प्रवेशात साहेबांनी त्याचा कागद ओढला, फर्रकन सही केली आणि पदरचं वाक्य घातलं, "जा, तोंड दाखवू नकोस."

मग माझा कागद. लेखणी टेकली. माझा जीव तिच्या टोकाशी. आणि साहेबांच्या अंगात मालक शिरला! म्हणाले, "तुझ्यासारखा माणूस मी जाऊ कसा देऊ रे?" कागदाचे चार तुकडे करून त्यांनी मला छातीशी कवटाळलं.

प्रेक्षागृह उभं राहिलं. मी साहेबांच्या खांद्यावर हमसून हमसून रडलो. उत्कृष्ट अभिनयाचं बक्षीस मला त्या रडण्याबद्दलच मिळालं!

तोफ सोमवारी रवाना झाला. सही खरीच होती, आणि साहेबही मनातून सुटलेच असावेत. त्याच्या फायली आता माझ्या टेबलावर आहेत.

पुढच्या वर्षी हेच नाटक पुन्हा बसतंय. मी दुसऱ्या नोकराची भूमिका मागितली, अगदी अदबीनं.

साहेब हसले. म्हणाले, "ती तुम्हाला जमायची नाही."