मंजूर, मंजूर, मंजूर!

दूध संस्थेच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त यंदा यंत्र ऐकून लिहिणार होतं. हातानं लिहिलेल्या इतिवृत्तात चेअरमन सोपानराव मागाहून फेरफार करतात, अशी ओरड झाली तेव्हा त्यांनीच तावातावानं ठराव केला होता, की यापुढं यंत्र लिहील तेच खरं. आता त्यांना एकच विषय पास करून हवा होता: हायवेलगतची संस्थेची जागा मुलाला, पृथ्वीराजला, हॉटेलासाठी द्यायची. पृथ्वीराजनं आचारीसुद्धा ठरवून ठेवला होता.

सेक्रेटरी मच्छिंद्रनं नुसतं "विषय क्रमांक सात" म्हटलं आणि सभा रिवाजाप्रमाणं गरजली, "मंजूर! मंजूर! मंजूर!"

पडद्यावर अक्षरं उमटली: नामंजूर.

"आरं, बहिरं हाय का हे?" सोपानराव खेकसले. "म्हना रं पुन्हा, मोठ्यानं!"

सभेनं छताचे पत्रे हादरवले. यंत्रानं शांतपणे लिहिलं: नामंजूर.

यंत्र बसवायला पुण्याहून आलेली समृद्धी धावत आली. "सर, ही नवीन सुधारणा आहे. माणूस तोच शब्द पुन्हा म्हणाला, की आपलं ऐकण्यात चुकलं असं यंत्र धरतं. मग पहिला अंदाज सोडून दुसरा घेतं. इथं दुसरा एकच आहे, नामंजूर."

"आवं मॅडम, एकदाच मंजूर म्हनलं तर मानूस रुसलाय असं वाटतंय आमच्याकडं!" मच्छिंद्र कळवळला.

"मग एकेकानं माइकवर येऊन एकदाच म्हणा. मतं यंत्र मोजेल."

सोपानरावांना हायसं वाटलं. समोरचे निम्मे भावकीतले, बाकीचे जेवणासाठी थांबलेले. असल्या सभेची कसली भीती?

पहिल्या सगुणाबाई उठल्या. इतकी वर्षं घोळक्यात बसून ओरडलेल्या बाईला माइकसमोर एकटं उभं राहिल्यावर घामच फुटला. पदर सावरत त्यांनी मच्छिंद्रला विचारलं, "आन् भाऊ, मंजूर करायचंय म्हंजी नेमकं काय?"

मागून कुणीतरी म्हणालं, "व्हय की. इषय तरी वाचा!"

संस्थेत विषय वाचायची वेळ पहिल्यांदाच आली होती. मच्छिंद्रनं सोपानरावांकडं पाहिलं, सोपानरावांनी पंख्याकडं. शेवटी बिचाऱ्यानं घसा खाकरून विषय वाचला, अगदी पृथ्वीराजच्या नावासकट.

"नामंजूर," सगुणाबाई म्हणाल्या.

पडद्यावर तेच उमटलं. सोपानराव खुर्चीतून उठले, चेहऱ्यावर हसू आणलं आणि कानाला हात लावून अगदी गोड आवाजात म्हणाले, "काय म्हनला आक्का? नीट ऐकू न्हाई आलं. जरा पुन्हा म्हना की!"

"तुमाला न्हाई आलं," पडद्याकडं बोट दाखवत सगुणाबाई म्हणाल्या, "पर त्याला आलं."

आणि त्या जेवायला गेल्या.