मडक्याला चष्मा

आमच्या अंजनाला तिसरं मूल झालं ते साल बहात्तरचं. पाऊस नव्हता, पीक नव्हतं, परड्यात भोपळासुद्धा नव्हता. मूल मात्र वेळेवर आलं! जावई पलटणीत, लेक बाळंतिणीच्या खोलीत, बाकीचे सगळे दुष्काळी कामावर खडी फोडायला. घरात उरलो मी, अंजनाची थोरली दोन पोरं नाथा आणि उमी, आणि माजघरात अंथरुणाला खिळलेली माझी थोरली बहीण, बनुआक्का.

आक्का दसऱ्यापासून उठली नव्हती. पलूसचे डॉक्टर म्हणाले होते, दिवाळी दिसली तर नशीब. आक्काला दिवाळीचं काही पडलं नव्हतं. तिला तिचा लालासाहेब बघायचा होता. एकुलता एक पोरगा, साताऱ्याला मोटारी दुरुस्त करायचा. सात वर्षांमागं मायलेकाचं भांडण झालं आणि तो उंबऱ्यातून ओरडून गेला, "आता तू मेल्यावरच येईन!" शब्दाचा असला पक्का माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी तीन पत्रं टाकली. एकाचंही उत्तर नाही.

"पोरं गोंधळ घालत्यात, आक्काला झोप न्हाई," अंजना आतून म्हणाली.

"पोरं गुंतवायला पैसा लागत न्हाई गं, डोस्कं लागतं!" मी म्हणालो.

आणि डोकं माझ्याकडं भरपूर होतं! पहिल्या दिवशी वाळल्या चिपाडांची बैलगाडी केली. दुसऱ्या दिवशी वडाच्या पानांचे मुकुट. तिसऱ्या दिवशी अंगणात मातीचा किल्ला. पाणी नव्हतं, त्यामुळं तो संध्याकाळपर्यंत आपोआप पडका किल्ला झाला. चौथ्या दिवशी पोरं पुन्हा भुकेल्या कोंबड्यांसारखी माझ्याभोवती.

तेव्हा मला मडमेची आठवण झाली. मी तरुणपणी पलटणीच्या लंगरात भाकऱ्या थापायला होतो. तिथल्या गोऱ्या साहेबाची मडम पाऊसकाळ सरला की भोपळा कोरायची, त्याला डोळे-तोंड पाडायची, आत दिवा ठेवायची आणि पोरांना भुताची सोंगं द्यायची. त्यांचा तो सणच होता म्हणे. भोपळा नाही तर मडकं! बांबूवर मडकं बसवू, पांढरं कापड गुंडाळू, झालं भूत!

आता मला अक्षर लागलं पन्नाशी उलटल्यावर, प्रौढांच्या वर्गात. नवी सून जसं दर पाहुण्याला पाटल्या दाखवते, तसं मी दर कामाला चिठ्ठी लिहायचो. नाथाजवळ भाऊसो दुकानदारासाठी चिठ्ठी दिली : "दोन लांब बांबू, एक नवं मडकं, पाच वार पांढरं कापड, सुतळीचा गुंडा, चार गोवऱ्या. लगेच पाठवणे. आकाराम." गोवऱ्या अशासाठी, की रॉकेल मिळत नव्हतं, मडक्यात निखारा ठेवायचा होता.

नाथा बाकीचं सगळं घेऊन आला. बांबू भाऊसोच्या गड्यानं स्वतः आणून दिले.

"पैसं?"

"भाऊसो म्हणालं, आता पैशाचं बोलू नगा," गडी मान खाली घालून म्हणाला.

"बघ अंजने!" मी ओरडलो. "शिकलेल्या माणसाला गाव कसा मान देतं!"

मी अंगणात बसून खिळ्यानं मडक्याला भोकं पाडू लागलो. एवढ्यात शेजारचा मानसिंग आला. पटका काढून मांडीवर ठेवून बसला. मग आणखी दोघे आले. मग दहा. सगळे बांबूकडं बघत बसले. मला वाटलं, कारागिरी बघायला आलेत!

"आवं दादा, मडक्याला भोक तितं गेल्यावर पाडायचं आस्तंय," मानसिंग हळूच म्हणाला.

"तितं कुठं? हितंच पाडतो. उजेड बरा हाय."

"दुःखानं डोस्कं फिरलंय," कुणीतरी पुटपुटलं.

तेवढ्यात साळूबाई बायका घेऊन दारात आली आणि तिनं सूर लावला, "आक्का गं! आमची माउली गं! आता कुनाच्या तोंडाकडं बघू गं!"

माजघरातून आवाज आला, "साळे, काल तर म्हनालीस म्हातारी लय चिवट हाय म्हनून!"

अंगणात जी पळापळ झाली! एक बाई किल्ल्यावर पडली. मी समजावून समजावून घसा कोरडा केला. माणसं मला शिव्या देत घरी गेली. भाऊसोनं पैशाचा निरोप पाठवला. मानसिंग साताऱ्याला 'आई वारली' अशी तार करून मोकळा झाला होता, हे तो सांगायचंच विसरला.

पोरांचं मात्र भूत व्हायलाच हवं होतं! दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ते सोप्यात उभं केलं. आत निखारा, अंगावर पांढरं कापड. उमीनं कधी आणला कोण जाणे, वर आक्काचा चष्मा चढवला.

आणि दारात लालासाहेब! त्यानं चष्मा पाहिला आणि काठीनं हाणल्यासारखा खाली बसला. बांबूला मिठी मारून रडू लागला, "आये, चुकलं माझं! सात वर्सं तुझं तोंड बघितलं न्हाई! एकदा बोल की गं!"

"मडक्याच्या काय पाया पडतुयास?" आक्का आतून म्हणाली. "हिकडं ये, मुडद्या. आन् चष्मा घेऊन ये, तू दिसायचा न्हाईस मला!"

लालासाहेब पुरी दिवाळी राहिला. पोरांना पक्का किल्ला करून दिला. आक्काला हातानं पेज भरवली. जाताना म्हणाला, "मामा, असली थट्टा परत करू नगा. आमच्या कारखान्यात मी सगळ्यांना सांगून हसवणार हाय."

त्यानं सांगितलं आणि ते हसले.

त्रिपुरी पौर्णिमेला सकाळी मी स्वतःच्या हातानं तार लिहिली. नाथाबरोबर भाऊसोला चिठ्ठी धाडली, तेच सामान. भाऊसो म्हणाला, "आज्जाला सांग, भूत एकदाच भ्या दावतं." साळूबाई बोलावल्यावरसुद्धा आली नाही. परड्यातले तेच बांबू काढले, तेच कापड घेतलं. चौथा खांदेकरी मिळेपर्यंत दुपार झाली.

उमी बांबूपाशी येऊन म्हणाली, "आज्जा, आज बी चष्मा घालायचा?"

मी म्हणालो, "घाल."

लालासाहेब तिसऱ्या दिवशी आला, तोही मानसिंग स्वतः आणायला गेला म्हणून. तोवर राख सावडून झाली होती. माझी तार त्याच्या खिशात होती. मला म्हणाला, "तारेखाली नाव मामा तुमचंच दिसलं, म्हणून आलो न्हाई."

बनुबाई, माझी थोरली बहीण, त्रिपुरी पौर्णिमेला पहाटे, सन १९७२ साली वारली. अग्नी मी दिला.