भात्यावरचे आप्पा

एका रविवारी सकाळी साडेनऊला शेजारचे आप्पा आमच्या दारात येऊन उभे राहिले. मी म्हटलं, या की. ते आत आले नाहीत. उंबऱ्यापाशी उभं राहूनच म्हणाले, "वहिनी चटणी वाटायला लागल्यात व्हय? तुमचा मिक्सर काळी चारच्या केसभर खाली बोलतोय. आमची सून काळी चारमध्ये गाते. मिक्सर जरा वर घेता येईल का?"

काळी चार ही पेटीची, म्हणजे हार्मोनियमची, एक पट्टी असते हे मला त्या दिवशी कळलं. मिक्सर वर घेता येत नाही हे आप्पांना कळायला मात्र दहा मिनिटं लागली. शेवटी चटणी पाट्यावर वाटली. तेव्हापासून रविवारी दहा ते बारा आमचा मिक्सर बंद असतो. यावर आमची बायको आप्पांना काय म्हणते ते मी इथं लिहिणार नाही, कारण तिचं आणि आक्कांचं, म्हणजे आप्पांच्या बायकोचं, फार सख्य आहे.

आप्पांची उभी नोकरी सरकारी मोजणी खात्यात गेली. संकेश्वरपासून निपाणीपर्यंत त्यांनी लोकांच्या उसाचे आणि तंबाखूचे बांध मोजले. निवृत्त होऊन पिरनवाडीत घर बांधलं आणि मोजायला जमीन उरली नाही, तसे ते सूर मोजायला लागले. घरातले सगळे वाजवणारे. आप्पांचं व्हायोलिन, आक्कांची पेटी, मुलगा सुधीर तबल्यावर आणि सून रेवती गायला. दर रविवारी दहाला त्यांच्या हॉलमध्ये बैठक. ऐकायला आम्ही सात-आठ शेजारी. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण चहा उत्तम मिळतो म्हणून मी जातो. हे मी आप्पांनाही सांगितलंय.

कुणाचा सूर जरासा हलला की आप्पा व्हायोलिनचा गज थांबवतात आणि म्हणतात, "हद्दीत या." मग सगळं पहिल्यापासून. एकदा मी उत्साहाच्या भरात "वा!" म्हणालो, तर गज थांबला. "कुठल्या जागेला म्हटलासा?" मला काय सांगता येणार? म्हटलं, आप्पा, चुकून तोंडातनं गेलं. "मग ते परत घ्या," म्हणाले. मी घेतलं.

सगळ्यात जास्त छळ आक्कांच्या पेटीचा. व्हायोलिनवर एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येतं, पेटीवर येत नाही, म्हणून आप्पांच्या लेखी पेटी हे वाद्यच नव्हे. "पेटी म्हणजे जिना. पायरी-पायरीनं चढायचं. आमचं व्हायोलिन म्हणजे चोर्ल्याचा घाट." आक्का पट्ट्यांवरची धूळ पदरानं पुसत शांतपणे म्हणायच्या, "घाटात गाड्या पडतात. जिन्यावर आजवर कोण पडलं न्हाय." चाळीस वर्षं हेच चाललेलं.

गेल्या दिवाळीनंतर आक्कांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय हळूहळू सुधारला, जीभ सुधारली. डावा हात मात्र मांडीवर पडला तो पडलाच. पेटीला उजव्या हाताची बोटं लागतात आणि डाव्या हातानं मागचा भाता सारखा हलवावा लागतो. भाता हलला नाही तर पट्ट्या दाबून उपयोग काय? बैठक बंद पडली.

सुधीरनं बेळगावातून एकामागून एक तीन पेटीवाले आणून बघितले. चांगले शिकलेले. आप्पांनी तिघांनाही तासाभरात वाटेला लावलं. एकाची पेटी म्हणे फार बोलत होती, एकाची लाजत होती आणि तिसऱ्याचं काय चुकलं ते आप्पांनाही सांगता येईना. मला राग आला. म्हटलं, "आप्पा, माणूस पाहिजे का देव पाहिजे तुम्हाला?" विजेवर चालणारी पेटी आणायचंही निघालं. ते आक्कांनीच मोडलं.

मग एक दिवस आक्का आमच्या बायकोला म्हणाल्या, "माझी पेटी शाळेत देऊन टाकणार बघ. येत्या रविवारी गाण्याच्या बाई न्यायला येणार हायेत. डोळ्यांपुढं नको मला ती." बायको घरी येऊन रडली. मी तिला म्हटलं, लोकांच्या पेटीसाठी रडतेस काय? आणि मलाही त्या रात्री जेवण गेलं नाही.

त्या रविवारी सकाळी आप्पा दारात आले. "दहाला या," एवढंच म्हणाले. आम्ही गेलो. गाण्याच्या बाईही आल्या होत्या, पेटीसाठी बाहेर रिक्षा थांबवून. हॉलमध्ये टेबलावर पेटी, तिच्यामागं खुर्चीत आक्का, एका बाजूला रेवती, दुसऱ्या बाजूला सुधीरचा तबला. आक्का कुरकुरत होत्या, "कशाला तमाशा? लोकांपुढं हसं माझं."

आप्पांनी स्टूल ओढलं आणि पेटीच्या पलीकडं, आक्कांच्या समोर, आम्हा सगळ्यांना पाठ करून बसले. भात्याची खिटी सोडली.

"आप्पा, व्हायोलिन?" सुधीरनं विचारलं.

"माणसाला हात दोनच असतात," आप्पा म्हणाले आणि भाता हलवायला लागले.

पहिल्यांदा पेटी एकदम ओरडली. आक्का दचकल्या. "अहो, बांध फोडताय व्हय? हळू. श्वास घेतल्यागत घ्या." "व्हय," आप्पा म्हणाले. दुसऱ्यांदा सूर मध्येच विझला. "सोडू नका की मध्येच." "व्हय." आयुष्यात आप्पा कुणाला लागोपाठ दोनदा व्हय म्हणाल्याचं मी ऐकलं नव्हतं. हळूहळू भाता लागला. आक्कांची बोटं चालायला लागली आणि रेवतीनं स्वर लावला.

बोटं पहिल्यासारखी नव्हती. दोनदा स्पष्ट चुकली, मलासुद्धा कळलं. मी मान खाली घातली, आता थांबणार म्हणून. कुणी थांबलं नाही. आप्पांची पाठ वाकलेली, सदरा घामानं चिकटलेला आणि हात सारखा हलत होता. अर्धा तास.

गाण्याच्या बाई उठून आक्कांच्या पाया पडल्या आणि रिकामी रिक्षा घेऊन गेल्या. चहाच्या वेळी रेवतीनं मला हळूच सांगितलं, महिनाभर दुपारी अत्ती, म्हणजे सासूबाई, झोपल्या की मामंजी मागच्या खोलीत पट्ट्यांना हात न लावता नुसता भाता हलवत बसायचे. आवाज होऊ नये म्हणून.

आप्पा आत सदरा बदलायला गेले तशी आमची बायको आक्कांना म्हणाली, "छान झालं हो. आम्हाला मात्र आप्पांची नुसती पाठच दिसली."

आक्कांनी उजव्या हातानं डावा हात उचलून मांडीवर नीट ठेवला. म्हणाल्या, "चाळीस वर्षं शेजारी बसून वाजवलं. वाजवताना ह्यांचं तोंड कधी दिसलं न्हाय मला. आज समोर होतं." मग म्हणाल्या, "लई भ्यालेत गं ते. मला वाटत होतं मीच भ्याले."